सोबेरानाची खिडकी आणि उलटी पावलं

माझ्या पावलांचे ठसे कुणीतरी रोज सकाळी चिखलातून उपटतं आणि उलटे करून ठेवतं. मला हे मुळीच खपत नाही. मी पाणी प्यायला हौदाशी गेले की मागच्या डाव्या पायाचा ठसा नेमका हेरायचा, चाकूने कडेकडेने कापून काढायचा, वरची माती खाली आणि खालची वर करून परत त्याच खड्ड्यात बसवायचा, त्यावर गवताच्या दोन काड्या आडव्यातिडव्या ठेवायच्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं. एवढं सगळं करून माझ्याकडे मान वर करून बघायचं नाही. वडीलधाऱ्यांच्या पायाखालची माती उकरतात का कुणी? हिला घरच्यांनी वळण लावलं की नाही?

मित्रांनो, तक्रार आधी सांगून टाकली, कारण पोटात ठेवून गोड बोलायची मला सवय नाही. आता मी कोण ते सांगते.

मी एक जुनी गाय आहे. माझं नाव सोबेराना, म्हणजे कुणापुढे मान न वाकवणारी राणी. डोंगर संपून माळ सुरू होतो, तिथे जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे. त्याच्या मागच्या गोठ्यात मी राहते. मला अक्षराची ओळख नाही. शिकायला मी कुणाच्या दारी गेले नाही, शिकणारेच माझ्या दारी आले. आज माळावर ठिकठिकाणी डॉक्टर म्हणून मिरवणारी बरीच माणसं माझ्यापाशी घाबरून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्यांचे हात माझ्या पोटात जाऊन आलेले आहेत. कारण माझ्या डाव्या कुशीला खिडकी आहे.

हसू नका. खरोखरची खिडकी आहे, झाकणासकट. तिच्याकडे येतेच, पण आधी माझ्या माहेराबद्दल ऐका.

माझा जन्म माळावरचा. तिथे पावसाळ्यात नद्या पात्र सोडून चहूकडे पसरतात आणि गुरं उंचवट्यांवर दाटीवाटीने उभी राहतात. उन्हाळ्यात तीच जमीन अशी तडकते की खूर अडकावा. तिथे पेत्रोनिला नावाची बाई आमची धार काढायची. आमच्याकडे मुक्याने कुणी गाईजवळ जात नाही. पेत्रोनिला फाटकाशी उभी राहून माझं नाव लांबवून लांबवून गायची, आणि ते ऐकताच माझं वासरू आवारातून धावत यायचं. आईचं जे नाव तेच वासराचं, अशी तिथली पद्धत. वासराने दोन ढुसण्या दिल्या की ते माझ्या पायाशी बांधायचं आणि मग गाता गाता धार काढायची. नाव गायलं नाही, तर मी दुधाचा थेंब सोडत नसे. कळपात सगळ्यांच्या पुढे मी चालायची. नदी ओलांडायची असली की बाकीच्या गाई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. मी पाय टाकला की मगच त्या टाकायच्या.

पुढे मालकाने गुरं कमी केली आणि मला या कॉलेजात पाठवलं. तेव्हा ओतिलिया नावाची डॉक्टरीण इथे नवीनच लागली होती. तिने मला उभ्याउभ्याच, कूस बधिर करून, कातडीला आणि आतल्या पोटाला एक गोल भोक पाडलं आणि त्यात रबराचं कडं घट्ट बसवलं. वर रबराचंच झाकण. मला दुखलं नाही, पण अपमान फार वाटला. भरल्या घराच्या भिंतीला खिंडार पाडल्यासारखं वाटलं. जखम भरली, कडं अंगाला बसलं, तरी मी कितीतरी दिवस तिच्याकडे पाठ करून उभी राहायची. मग एकदा शेजारच्या खुंट्याला एक मरायला टेकलेली गाय आणून बांधली. तिचं पोट गप्प झालं होतं. चारा नाही, रवंथ नाही, डोळे खोल गेलेले. ओतिलियाने माझं झाकण काढलं, आत हात घालून चोथा बाहेर काढला, फडक्यातून पिळून घेतला आणि तो रस नळीने त्या गाईच्या पोटात सोडला. दुसऱ्या दिवशी ती गाय कान हलवायला लागली. तिसऱ्या दिवशी माझ्याच गव्हाणीत तोंड घालायला लागली. हाकललं मी तिला.

मित्रांनो, गाईच्या पहिल्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची वस्ती असते. गवत पचवायचं काम खरं तर तेच करतात. आजाराने किंवा जहाल औषधांनी एखादीच्या पोटातली वस्ती उठली, तर माझ्या पोटातली तिच्या पोटात नांदायला जाते. किती लेकी अशा नांदायला पाठवल्या, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण त्या दिवसापासून खिडकीबद्दलचा राग गेला आणि तिचा ताठा आला. लांबून लांबून पाहुणे यायचे. शाळेची मुलं रांग लावून आत डोकवायची. ओतिलिया त्यांना सांगायची, “ही आमची सोबेराना. हिच्याशी नीट बोला.”

पण कौतुक काही जन्माला पुरत नाही. नवीन इमारत झाली, नवीन यंत्रं आली. माझ्या कानात पिवळा बिल्ला ठोकला, त्यावर आकडा. गोठ्यातली माणसं बदलली आणि नव्या माणसांना आकडाच माहीत. “ती खिडकीवाली” एवढीच माझी ओळख उरली. पोरं यायची, झाकण उघडायची, खिडकीशेजारी तोंड वेंगाडून फोनमध्ये फोटो काढायची आणि झाकण नीट न बसवता निघून जायची. मग माश्या यायच्या. शेपटीने मी किती वारणार?

दर वर्षी नवी मुलं आली की पहिले काही आठवडे गोठ्याला जत्रेची कळा येते. सगळ्यांचे हिरवे झगे नवे कोरे आणि मापाला मोठे. रबरी बुटांनी टाचा सोललेल्या. सकाळी हाडांची नावं पाठ करायची, दुपारी औषधात बुडवलेल्या मेलेल्या कुत्र्याजवळ उभं राहून डोळे चोळायचे आणि जेवणाच्या वेळी ताटातल्या मांसाकडे बघत बसायचं. कुणी आईला फोन लावून रडतं, कुणी उगाच मोठ्याने हसतं. मी रवंथ करत बघत असते. कोण टिकणार आणि कोण जाणार, हे मला सहसा आधी कळतं.

या वर्षी मात्र एका मुलीचा अंदाज येईना. तिचं नाव झुलाय. झुलाय परालेस.

ती माळावरची, हे मी बघताक्षणी ओळखलं. गाईच्या अंगाला आधी तळवा टेकवून मगच मागून जायचं, हे पुस्तकातून येत नाही. खोलीवर तिला पलंगावर झोप लागत नसे, म्हणून तिने खिडकीचा गज आणि कपाटाचं दार यांच्यामध्ये माळावर झोपतात तसा झोळीचा पाळणा बांधला होता. कपाट दारासकट खाली आलं. घरमालकीण अजून तिच्याशी बोलत नाही, असं ती मला सांगायची. हो, मलाच सांगायची. वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पहिल्याच आठवड्यात तिने माळावरच्या बोलीत काहीतरी उत्तर दिलं, तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली. तेव्हापासून ती गप्प झाली होती. सकाळी लवकर येऊन हौदाच्या कडेला बसायची, पायाच्या हाडांची नावं मला म्हणून दाखवायची, चुकली की स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायची.

खिडकी दाखवायच्या दिवशी सगळी मुलं माझ्याभोवती जमली. ओतिलियाच्या उजव्या हाताला तेव्हा प्लास्टर होतं. एका खेचरीने लाथ घातली होती. त्या खेचरीला मी ओळखते. तिचा बाप गाढव होता, जास्त काय बोलू? तर ओतिलियाने डाव्या हाताने झाकण काढलं आणि मुलांना एकेक करून हात घालायला सांगितलं. सगळ्यांत पुढे फाबियान. तो वर डोंगरावरच्या थंड राजधानीतला, बोलायला पटाईत. त्याने नाक मुरडत हात घातला आणि शर्यत जिंकल्यासारखा वर करून दाखवला.

झुलायची पाळी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने टोपी काढून छातीशी धरली, माणसं मयताला धरतात तशी, आणि मानेनेच नाही म्हटलं. ओतिलियाने विचारलं, किळस येते का? ती नाही म्हणाली. भीती वाटते का? नाही म्हणाली. मग काय? ती माझ्या खिडकीकडेच बघत राहिली. ओतिलियाने रागावून नाही, पण स्पष्ट सांगितलं की महिना संपायच्या आत प्रत्येकाने हे करायचं आहे. ज्याला जमणार नाही त्याला या तुकडीबरोबर पुढे जाता येणार नाही. फाबियान म्हणाला, “माळावरच्यांना फक्त भाजलेली गाय हाताळता येते.” सगळे हसले. मी त्याच्या बुटावर जे करायचं ते केलं.

त्या संध्याकाळी झुलायने हौदाशी बसून घरी आजोबांना फोन लावला. मोठ्याने बोललं नाही तर फोन पोचत नाही, अशी म्हाताऱ्याची समजूत असावी, कारण त्याचा आवाज मला गव्हाणीपाशी ऐकू येत होता.

“आजोबा, इथे एका गाईच्या कुशीत भोक पाडून ठेवलंय.”

“किडे पडलेत का?”

“नाही. झाकण आहे.”

 “कसलं झाकण?”

“डब्याला असतं तसं. आणि सगळे आळीपाळीने आत हात घालतात.”

“देवा,” म्हातारा म्हणाला. “आणि गाय काय करते?”

“रवंथ करते.”

“म्हणजे सोसतेय बिचारी.”

बिचारी! मला! माझं रवंथ थांबलं.

मित्रांनो, माळावर जनावराला जखम झाली की माशी बसते, माशी बसली की किडे पडतात आणि किडे आत आत पोखरत जातात. डॉक्टर दिवसभराच्या वाटेवर. म्हणून तिथे झुलायच्या आजोबांसारखी माणसं असतात. ती गाईला हातही लावत नाहीत. तिचा ठसा शोधतात, तो उलटा करतात, वर काड्यांची फुली ठेवतात आणि मंत्र म्हणतात. ठसा उलटला की किडे गळून पडतात आणि जखम भरते, असं मानतात. मीसुद्धा लहानपणी हे पाहिलेलं आहे. किडे गळताना पाहिलेत, न गळतानाही पाहिलेत.

तर म्हाताऱ्याने फोनवरूनच विचारलं की जखम कुठल्या कुशीला, गाईचा रंग कोणता, नाव काय. नावाशिवाय मंत्र पोचायचा कुणाला?

दुसऱ्या दिवशी झुलायने गोठ्यातल्या माणसाला माझं नाव विचारलं. त्याने आकडा सांगितला. तिने दुसऱ्याला विचारलं, त्यानेही आकडाच सांगितला. शेवटी ती ओतिलियाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. ओतिलिया प्लास्टरमध्ये पेन खुपसून खाजवत होती. तिने वर पाहिलं, पेन बाहेर काढलं आणि म्हणाली, “सोबेराना. कितीतरी वर्षांनी कुणी विचारलं ग.”

आणि मग हौदाशी माझी पावलं उलटी व्हायला लागली.

आता खरं सांगते. मला राग आला होता, कारण ज्या खिडकीने मी इतक्या जणींना जगवलं, तिला ही पोर जखम समजत होती. पण रात्री ठाणावर उभी असताना दुसरंही मनात यायचं. माझ्यातून काढून नेणारे हजारो आले. मी पुन्हा अख्खी व्हावी, असं वाटणारी ही पहिलीच. पाहुणे आले, कौतुक करून गेले, पण मला काय होत असेल, हा विचार त्या सोललेल्या टाचांच्या पोरीने केला. माझं नाव दारोदार विचारत फिरली. त्या नावाची मला किती भूक होती, ते तिने पुटपुटलं तेव्हा कळलं. राग राहिला, पण त्याची धार गेली.

महिना सरत आला. एका सकाळी फाबियान लवकर आला आणि त्याने ओळीने उलटलेले ठसे आणि काड्या पाहिल्या. दुपारपर्यंत कॉलेजभर झालं. कुणीतरी झुलायच्या बाकावर चिखलाचा गोळा ठेवून त्यावर दोन पेन्सिली फुलीसारख्या लावल्या. फाबियान तिला “भगतीणबाई, माझ्या कुत्र्याचं पाऊल आणू का?” म्हणाला. ती उठून सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. रडताना सांगत होती की उद्या सकाळच्या गाडीने ती घरी जाणार. आजोबांनी तिला पाठवताना म्हटलं होतं, मी पावलावरून बरं करतो, तू हाताने बरं करायला शीक. आता त्यांना काय तोंड दाखवू, म्हणत होती. जिवंत गाईच्या भोकात हात घालणं हेच जर शिकायचं असेल, तर ते मला नको.

ओतिलिया मागून आली होती, ते झुलायला कळलं नाही. ओतिलियाने चिखलाकडे पाहिलं, काड्यांकडे पाहिलं.

“हे भोक बुजावं म्हणून?” तिने विचारलं.

झुलायने डोळे पुसत मान डोलावली.

“ते भोक मी पाडलंय. तिच्या पावलांना कशाला छळतेस? हे बघ, माझ्या बुटांचे ठसे आहेत इथे. माझे उलट.”

झुलाय रडता रडता हसली, पण निर्णय बदलला नाही. ओतिलियाने तिला थांब म्हटलं नाही. एवढंच म्हणाली की जायच्या आधी सोबेरानाचा निरोप घेऊन जा, ती मनाला लावून घेते. खरं आहे ते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना झुलाय पिशवी घेऊन आली. पिशवीतून पाळण्याची दोरी बाहेर लोंबत होती. हौदाशी बसून तिने कालचा ठसा सुलटा केला आणि काड्या उचलून खिशात टाकल्या. तेवढ्यात फाटकातून एक ट्रक धूळ उडवत आत आला. मागे एक तांबडी गाय उभी होती. उभी कसली, फळ्यांना टेकलेली होती. तिच्याबरोबर इग्नासिया नावाची बाई होती, नदीकाठच्या वस्तीवरची. गाईचं नाव कानेला. गाय आजारी पडली म्हणून कुणीतरी तिला जहाल औषधांचा मारा केला होता. ताप गेला, पण पोट गेलं. कितीतरी दिवस रवंथ नाही. घरात दूध पिणारी तीन नातवंडं आणि गाय ही एकच, असं ती बाई ओतिलियाला सांगत होती. सांगताना गाईच्या नाकावरचा घाम चाचपत होती. तो नव्हताच. नाक कोरडं होतं.

तिला ट्रकमधून कशीबशी ओढत शेजारच्या खुंट्याशी आणलं, तेव्हा ओतिलियाने तिच्या कुशीला कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या प्लास्टरकडे.

सकाळची वेळ. गोठ्यातली माणसं चारा आणायला गेली होती. फाबियान तेवढा आला होता. आदली रात्र त्याला नीट गेली नसावी, कारण तो झुलायकडे न बघता सरळ बादली घेऊन पुढे झाला. पण त्याच्या बोटाला काल हाडांच्या तासाला चाकू लागलेला, पट्टी बांधलेली. ओतिलियाने त्याला मागे सारलं. उघड्या जखमेचा हात सोबेरानात जाणार नाही, म्हणाली.

 कानेला खुंट्याशी हळूहळू खाली बसत होती. झुलायने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या खिडकीकडे. तिने पिशवी खाली ठेवली, हात कोपरापर्यंत धुतले आणि माझ्या मानेपाशी येऊन उभी राहिली.

“सोबेराना,” तिने हाक मारली. साधी नाही. लांबवून, शेवटचा सूर वर चढवून, फाटकाशी उभं राहून मारतात तशी. पेत्रोनिलानंतर कुणी मला तशी हाक मारली नव्हती. माझं वासरू आता धावत येईल, असं क्षणभर वाटलं मला. “सोबेराना, हात घालू?”

मित्रांनो, इतकी वर्षं, इतके हात. विचारलं कुणी?

मी एक पाऊल सरकून कूस तिच्याकडे केली.

तिचा हात थंडगार होता. आत गेला आणि थबकला. तिला वाटलं असावं, आत दुखऱ्या मांसाला हात लागेल. लागला तो उबदार, ओल्या गवताला. माझं पोट मिनिटामिनिटाला कूस बदलतं, तशी त्याने बदलली आणि तिचा हात हलकेच ढकलला. तिने डोळे मिटले.

“डॉक्टर, आत सगळं रटरटतंय.”

“मग? नांदतं घर आहे ते,” ओतिलिया म्हणाली. “घे मूठ भरून. खालून घे, तिथे रस जास्त.”

झुलायने मुठीवर मूठ काढली. फाबियानने बादलीवर फडकं धरलं, पिळून घेतलं, नळी नीट धरून दिली, आणि सगळं पार पडल्यावर गुपचूप भिंतीमागे जाऊन ओकून आला. त्याबद्दल झुलाय त्याला काही बोलली नाही. मीही तुम्हालाच सांगतेय. माझं झाकण तिने नीट बसवलं आणि चारी बाजूंनी बोट फिरवून पाहिलं.

कानेला खाली बसलेली तशीच राहिली. गाडीची वेळ टळून गेली. इग्नासियाबाईने झुलायला विचारलं, तू कुणाची? तिने आजोबांचं नाव सांगितलं, तशी बाई म्हणाली की त्यांनी आमच्या एका कालवडीचे किडे पाडले होते. मग कानेलाचंही पाऊल उलट की, अजून थांबलीस कशाला? झुलायने ओतिलियाकडे चोरून पाहिलं. ओतिलिया म्हणाली, “उलट. पण आधी तिला पाणी दाखव. आणि पाऊल शोधायला माझ्याने वाकवणार नाही.” दोघींनी मिळून ट्रकपासून खुंट्यापर्यंत ठसा शोधला. कानेलाला ओढतच आणलं होतं, त्यामुळे नुसत्या फरफटीच्या रेघा होत्या, नीट ठसा एकही सापडला नाही. इग्नासियाबाई म्हणाली, “मग रेघ उलट.” तशी झुलायने रेघ उलटली. ओतिलियाने दुसऱ्यांदा रस पाजायला सांगितलं, तो पाजला. पुन्हा विचारून, पुन्हा नाव घेऊन.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर कानेलाच्या घशाशी एक गोळा वर येताना मला दिसला. ती चघळायला लागली. इग्नासियाबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिच्या जबड्याबरोबर स्वतःचाही जबडा हलवत राहिली. रसाने झालं की रेघेने, यावर बाईचं आणि ओतिलियाचं अजून एकमत नाही. मला कुणी विचारत नाही, नाहीतर सांगितलं असतं की वस्ती माझी होती.

आज सकाळी झुलाय परत हौदाशी आली. हातात चाकू होता. पाळणा तिने आता म्हणे पलंगाच्या दोन पायांमध्येच बांधलाय आणि जमिनीपासून वीतभर वर झोपते. घरमालकीण बोलायला लागली आहे, पण रागावूनच. झुलायने चिखलातले माझे राहिलेले सगळे ठसे शोधून एकेक करून सुलटे केले. मग माझ्यासमोर उकिडवी बसली.

“आजोबा विचारत होते, भोक भरलं का. काय सांगू ग त्यांना?”

मी गव्हाणीतून तोंड वर काढलं आणि गोठा दणाणेल असं हंबरले. माणसांना त्यातलं किती कळतं देव जाणे, पण मी बोलले ते हे, आणि एकही अक्षर गाळलं नाही:

“ऐक झुलाय. आजोबांना सांग, भोक भरलेलं नाही आणि भरणारही नाही. ते माझं दार आहे. त्यांनी लांबून माझं नाव घेतलं, त्यांना माझा नमस्कार. तू चुकलीस ती एवढ्यातच की मला दुखतंय हे तू परस्पर ठरवून टाकलंस. नाव विचारलंस तसं तेही विचारायचं होतंस, मी कान हलवून सांगितलं असतं. बाकीची पोरं न विचारता हात घालतात आणि तू हात घालायच्या आधी माझ्यासाठी रडलीस. आता विचारत जा आणि हातही घालत जा, आणि झाकण असंच बोट फिरवून लावत जा. त्या फाबियानलाही शिकव, बादली बरी धरतो. इथे कोण राहणार ते कॉलेज ठरवतं, असं कॉलेजला वाटतं. मी तुला ठेवून घेतलंय. माझ्या पावलांना परत चाकू लावलास तर शेपटीचा फटका खाशील. जा आता, तास सुरू झाला असेल. आणि बूट धुऊन जा.”